वीराचा अभ्यास

माझ्या आधी आमच्या घरात एक मुलगा होता. तो तापाने गेला तेव्हा मी नुकता चालायला लागलो होतो, म्हणजे मला तो आठवायचं काही कारण नाही. तरी रनाळ्यात मी लहानाचा मोठा झालो तो त्याच्यासोबतच. आमच्याकडे लग्नाआधी गेलेल्या मुलाचा वीर करतात. चांदीच्या पातळ पत्र्यावर घोड्यावरचा स्वार ठोकून घेतात, त्याला टाक म्हणतात, आणि तो टाक देव्हाऱ्यात बाकीच्या देवांच्या रांगेत बसतो. आमच्या देव्हाऱ्यात खंडोबा होता, कुलदेवी होती आणि त्यांच्या कडेला माझा भाऊ. सकाळी आंघोळ करून मी देवांना हात जोडायचो, तेव्हा त्यालाही जोडायचो. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

धुळवडीच्या दिवशी गावातले वीर बाहेर निघत. टाक तांबड्या फडक्यात बांधून घरातल्या मुलाच्या हातात द्यायचा, त्या मुलाला फेटा बांधायचा, डोळ्यांत काजळ घालायचं आणि डफ वाजवत मारुतीच्या पारापर्यंत नाचवत न्यायचं. आमच्या घरचा तो मुलगा मी. मला भावाची बंडी घालत. पहिल्या वर्षी ती गुडघ्यापर्यंत आली, मग दरवर्षी थोडी वर सरकत गेली. वाटेत म्हाताऱ्या बायका माझ्या तोंडावरून हात फिरवून मला त्याच्या नावाने हाक मारत आणि आमच्या घरावर नजर ठेव असं सांगत. मी मान हलवायचो. त्या दिवशी मी नक्की कोण आहे हे मला संध्याकाळपर्यंत कळत नसे, आणि बंडी काढली तरी अंगाला तिचा वास राहायचा.

बाबांना लिहायला-वाचायला येत नव्हतं. भाऊ मात्र हुशार होता, सगळ्या शाळेत पुढे होता, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. सांगताना ते माझ्याकडे बघत नसत. मला ते फार झोंबायचं. जिवंत माणसाशी एखाद्याला बरोबरी करता येते, देव झालेल्या भावाशी काय बरोबरी करणार? मी अभ्यासात बेताचाच होतो. पाढे तोंडपाठ, पण आकडे मांडायला लागलो की माझी गाडी रुतायची.

सगळं सुरू झालं ते एका दसऱ्याला. दसऱ्याला आमच्याकडे औतं, विळे, कुऱ्हाड यांची पूजा होते आणि शाळेत जाणाऱ्या मुलाची पाटीही देव्हाऱ्यापुढे मांडतात. मी त्या वर्षी दुसरीत होतो. पाटीवर मास्तरांनी दिलेला भागाकार होता, तो मी कसाबसा करून तसाच मांडला. रात्रभर पाटी देवापुढे राहिली. सकाळी उचलली तर माझं उत्तर पुसलेलं होतं आणि तिथे दुसरं उत्तर होतं. आकडे माझे नव्हते. माझे आकडे वेडेवाकडे पडायचे. हे सरळ, एका रेषेत, आणि चारच्या शेपटीला वर एक छोटा वळसा काढलेला.

मी ओरडलो नाही. मी पाटी तशीच खाली ठेवली आणि बाबांना बोलावलं. त्यांनी विचारलं, हे तू केलंस का? मी नाही म्हणालो. मायकडे बघायचं कुणाच्या मनातही आलं नाही. तिला अक्षर येत नव्हतं, गावात कुठल्याच बाईला येत नव्हतं. बाबांनी पाटी हातात घेतली, टाकाकडे पाहिलं, परत पाटीकडे पाहिलं, आणि त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. बाबांना रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

"मन्हा पोऱ्यानी करं हाई," ते म्हणाले.

माय चुलीपुढे होती. तिने वळून पाहिलं, आणि परत भाकरीकडे वळली.

त्या दिवसापासून घरात रीतच पडली. दिवेलागणीला मी अभ्यास करायचा, पाटी टाकापुढे ठेवायची आणि सकाळी उचलायची. चुकलेलं असेल तर दुरुस्त झालेलं असायचं. बरोबर असेल तर तसंच असायचं, पण मी बरोबर करायचं हळूहळू सोडूनच दिलं. कशाला डोकं फोडायचं? भाऊ आहे. पुढे पुढे तर मी नुसतं गणित उतरवून ठेवायचो आणि झोपायला जायचो. सकाळी उत्तर हजर. घरात बसून आयतं मिळत असेल तर कोण कष्ट करील? बाबांना यात काही चुकलं असं वाटत नव्हतं. धाकट्याचा अभ्यास थोरल्याने करून द्यायचा नाही, तर कोणी करायचा?

गोष्ट गावात पसरायला वेळ लागला नाही. शेजारच्या घरातून एक दिवस त्यांच्या मुलाची पाटी आली, आमच्या वीरापुढे एक रात्र ठेवा म्हणून. बाबांनी मोठ्या मनाने ठेवली. सकाळी ती जशीच्या तशी होती, चुकांसकट. बाबांनी ती परत करताना सांगितलं की आमचा वीर फक्त आमच्या घरचं बघतो, आणि सांगताना त्यांची मान जरा ताठ झाली होती. शेजाऱ्याने नारळ फोडला होता, तो मात्र आम्हीच खाल्ला.

मला भीती वाटायची की नाही? वाटायची. पण ती रोजची भीती होती, विहिरीजवळून जाताना वाटते तशी. पहाटे झोपेत मला जात्याची घरघर ऐकू यायची. माय देव्हाऱ्याच्याच खोलीत दळायला बसायची. कधी कधी घरघर मध्येच थांबायची, आणि काही वेळ घरात अजिबात आवाज नसायचा. नुसती शांतता नव्हे. कोणीतरी खोलीत आहे आणि हळू श्वास घेतंय असं वाटायचं. मग जातं पुन्हा सुरू व्हायचं. मी वाकळ डोक्यावरून ओढून घ्यायचो. वाटायचं, भाऊ आला की मायही दळायची थांबते, त्याला बघत बसते. आणि मला त्याचाही राग यायचा.

बाबाच हे करत असतील असं एकदा माझ्या मनात आलं होतं. पण ते कापसाच्या गाड्या घेऊन नंदुरबारला गेले आणि दोन रात्री तिथेच राहिले, तेव्हाही पाटी दुरुस्त होऊन आली. त्यानंतर मी शंका घेणं सोडून दिलं.

शाळेत मात्र माझं पितळ रोज उघडं पडायचं. घरून आणलेलं सगळं बरोबर, आणि फळ्यासमोर उभा केला की 'मला येत नाही' याशिवाय तोंडातून शब्द फुटायचा नाही. आमचे चौथीचे मास्तर देशावरचे होते, गावातल्यासारखं बोलत नसत, कडक होते पण उगाच मारणारे नव्हते. त्याआधी मला खालच्या वर्गाच्या मास्तरांनी शिकवलं होतं, आणि ते पाटीवर नुसती फुली ओढून मोकळे होत. चौथीत मी या मास्तरांच्या हाताखाली आलो. भावालाही चौथीत तेच होते.

पहिल्यांदा त्यांनी माझी पाटी नीट हातात घेतली तो दिवस मला स्पष्ट आठवतो. दुपार होती. बाहेर खळ्यावर मिरच्या वाळत होत्या आणि वाऱ्याबरोबर खकाणा येऊन सगळा वर्ग शिंकत होता. मास्तर एकेकाची पाटी बघत आले. माझ्यापाशी ते थांबले. त्यांनी बोट पाटीवर ठेवलं, त्या चारच्या शेपटीवर. मग पाटी टेबलावर उपडी ठेवली आणि मुलांना सुटी देऊन टाकली. सुटीची वेळ अजून झाली नव्हती. मुलं आरडाओरडा करत पळाली. मी उभाच राहिलो.

हे कोण लिहितं, असं त्यांनी मला विचारलं. मी खरं तेच सांगितलं: भाऊ. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी खुर्ची ओढली आणि खाली बसले. हे अक्षर मी ओळखतो, एवढंच ते म्हणाले, आणि मला घरी जायला सांगितलं. त्यांचा चेहरा पाहून मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. तोपर्यंत सगळं आमच्या घरातलं होतं. आता बाहेरच्या, शिकलेल्या माणसानेही भावाला पाहिलं होतं.

त्याच संध्याकाळी मास्तर आमच्या ओट्यावर आले. बाबांनी त्यांना चहा दिला, आत नेऊन टाक दाखवला, सगळी हकीकत सांगितली. मास्तरांनी टाकाला हात जोडले. नंतर म्हणाले की हा मुलगा या वर्षी माझ्या हातून चौथी पास झाला तर मी त्याला नंदुरबारच्या शाळेत घालायला सांगीन, पण परीक्षेला शाळा तपासणारे डेप्युटीसाहेब येतात, ते पाटी घरी नेऊ देत नाहीत. बाबा म्हणाले, पास झाला तर नंदुरबार, नाही तर औत. त्याच्या थोरल्या भावालाही मी नंदुरबारलाच पाठवणार होतो. मास्तरांनी कप खाली ठेवला.

"तुमचा थोरला आजारी पडला तेव्हा आम्ही त्रैराशिकापर्यंत आलो होतो," ते म्हणाले. "त्रैराशिक मी त्याला शिकवलंच नाही. या सोमवारपासून ते सुरू होतंय."

बाबा म्हणाले की वीराला सगळं येतं. मागे चुलीपाशी भांडं खाली पडल्याचा आवाज झाला. मास्तरांनी तिकडे मान वळवली आणि लगेच परत फिरवली.

सोमवारी त्रैराशिक सुरू झालं. तीन बैलांना बारा पेंढ्या लागतात, तर सात बैलांना किती? मी काही ऐकलं नाही, काही समजूनही घेतलं नाही. गणित उतरवलं, घरी आणलं, टाकापुढे ठेवलं. सकाळी पाटी उचलली तर तिच्यावर उत्तर नव्हतं. पण पाटी कुणी हाताळली नव्हती असंही नाही. गणिताखाली ओल्या बोटाने पुसल्याचा मोठा डाग होता. कुणीतरी लिहून पाहिलं होतं, पुसलं होतं, परत लिहिलं होतं, परत पुसलं होतं. मी पाटी तिरपी धरून उजेडात पाहिली. पुसलेल्या आकड्यांच्या खुणा अजून दिसत होत्या, आणि त्यांत तो शेपटीवाला चार होता.

शाळेत मला छडी बसली. दुसऱ्या दिवशीही डागच. मी टाकापुढे बसून भावाची विनवणी केली, मग त्याला शिव्याही दिल्या. बाबांना वाटलं वीर कोपला, त्यांनी नारळ वाढवला. माय दोन दिवस जेवली नाही, आणि बाबांना वाटलं ती उपास करतेय.

तिसऱ्या सकाळी पाटीच्या कोपऱ्यात, सरळ, नेटक्या अक्षरात लिहिलेलं होतं: मला येत नाही.

मी ते परत परत वाचलं. आकडे वेगळे असतात. आकडे काही बोलत नाहीत. हे बोलणं होतं. मेलेला मुलगा माझ्याशी बोलला होता आणि तोही वर्गात मी रोज बोलतो तेच बोलला होता. बाबांनी विचारलं, काय लिहिलंय? मी वाचून दाखवलं. ते टाकापुढे बसले आणि लहान मुलासारखे रडले. पण बाबा शेतकरी माणूस, रडून झालं की कामाला लागणारा. त्यांनी डोळे पुसले आणि मला हुकूम सोडला की आजपासून रोज दिवेलागणीला मी वीरापुढे बसून त्याला त्रैराशिक शिकवायचं. त्याचं शिकायचं राहून गेलंय, त्याला शिकायचंय, म्हणूनच तो सांगतोय. तू शाळेत शिकून ये आणि त्याला सांग.

आता विचार करतो तेव्हा वाटतं, असा निकाल फक्त आमच्या बाबांनाच सुचू शकतो. त्या वेळी मात्र मला घाम फुटला. मला स्वतःला काही येत नव्हतं, आणि शिकवायचं कुणाला, तर सगळ्या शाळेत पुढे असलेल्या देवाला.

तेव्हापासून मी वर्गात पहिल्यांदाच कान देऊन ऐकायला लागलो. मास्तरांना विचारून विचारून बेजार केलं. कशासाठी, हे त्यांनी विचारलं नाही. संध्याकाळी टाकापुढे निरांजन लावून मी बसायचो आणि त्या घोड्यावरच्या छोट्या स्वाराला मोठ्याने सांगायचो की पहिलं पद, मधलं पद, शेवटचं पद. ज्योत हलली की स्वाराचं तोंड हलल्यासारखं दिसायचं. त्याने काही विचारलं तर, या भीतीने मी जास्तच घोकून यायचो. बाबा थोडा वेळ बसायचे आणि गोठ्यात निघून जायचे. माय मागे बसून काहीतरी निवडत असायची.

एका संध्याकाळी बाबा गोठ्यात होते. मी बैल आणि पेंढ्यांचं गणित सांगत होतो. बैल एका टोकाला, बैल दुसऱ्या टोकाला, पेंढ्या मध्ये. मधलं आणि शेवटचं गुणायचं, पहिल्याने भागायचं. मी ते सगळं पोपटासारखं म्हणून टाकलं.

"पेंढ्या मझारच कसाले मांडानी?" कुणीतरी विचारलं.

मी टाकाकडे पाहिलं. आणि मग कळलं की आवाज मागून आला होता. माय सुपातली डाळ विसरून पुढे झुकलेली होती, पाटीकडे बघत होती. नुसती बघत नव्हती. तिची नजर पाटीवरच्या ओळीवरून सरकत होती, वाचणाऱ्याची सरकते तशी.

तिला स्वतःलाही कळायला क्षणभर लागला. मग तिने तोंडावर पदर धरला. पदराआडून ती बोलली, अगदी हळू.

"त्यानी शिकाडं माले. त्याले जितलं येत व्हतं, तितलंच माले येस."

मग तिने सांगितलं ते असं. भाऊ शाळेतून आला की तिच्याजवळ बसून अभ्यास करायचा. तिला काही येत नव्हतं, म्हणून ती नुसतं विचारायची: हे काय, ते असं का? तो सांगायचा. सांगता सांगता त्याचं पाठ व्हायचं, आणि तिलाही यायला लागलं. तो तिला पाटीवर गिरवायला लावायचा, चुकलं तर मास्तरासारखा ओरडायचा. तिने दुसऱ्या कुणाचं अक्षर कधी गिरवलंच नाही, म्हणून तिचं अक्षर त्याचं अक्षर. त्याने तिचा अभ्यास घेतला, तिने त्याचा कधी करून दिला नाही. मग तो गेला. बाईने लेखणी धरली तर पोराचं आयुष्य घटतं असं आमच्याकडे म्हणायचे. तिने कुणाला सांगितलं नाही. मनात मात्र तिने हे पक्कं धरून ठेवलं होतं की आपण शिकलो म्हणून तो गेला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे दळताना तिला पाटीवरचा चुकलेला भागाकार दिसला आणि तिचा हात गेला. बस एवढंच. सकाळी बाबा रडले, आणि मग तिला मागे फिरता येईना. रोज पहाटे जातं थांबवून ती लिहायची. लिहिताना तो आपल्या हातात येतो असं तिला वाटायचं. मला काही येत नाही हे तिला दिसत होतं. दिसत असूनही ती थांबली नाही, कारण थांबणं म्हणजे त्याला घालवणं. त्रैराशिक आलं तेव्हा तिचं संपलं. मी पाटीकडे आशेने बघतोय आणि मार खातोय, हे बघून शेवटी तिने खरं तेच लिहिलं होतं.

मी तिच्यावर रागवायला हवं होतं की तिला मिठी मारायला हवी होती, मला कळलं नाही. मी फक्त तिला सांगितलं की दोन्ही टोकांना बैल असतात कारण ते एका जातीचे, आणि मध्ये पेंढ्या, कारण उत्तरात पेंढ्याच यायच्या आहेत. हे सांगताना मला ते स्वतःला पहिल्यांदा समजलं. तिने मान हलवली.

मग मी विचारलं, पुढचं शिकवू का? ती नाही म्हणाली. तो जिथे थांबला तिथेच मी थांबणार, त्याच्या पुढे मी कशी जाऊ, असं म्हणाली. आणि उद्यापासून तुझी पाटी तू बघ, मी हात लावणार नाही, असंही.

तिने शब्द पाळला. पहाटे जातं आता न थांबता चालायचं. खरं सांगतो, त्या घरघरीची मला आधीच्या शांततेपेक्षा जास्त भीती वाटायची. कारण आता खोलीत खरोखर कोणीच नव्हतं.

बाबांना यातलं काही माहीत नव्हतं, आणि त्यांना सांगायची आमची दोघांचीही छाती नव्हती. पाटीवर काही उमटत नाही हे त्यांनी पाहिलं आणि आपल्या परीने अर्थ लावला. वीर शिकला, आता तो परीक्षेसाठी थांबलाय. धुळवड जवळ आली. परीक्षा धुळवडीनंतर लगेच होती. आमच्या शेतावरची भिल्ल माणसं होळीसाठी अक्कलकुव्याकडे आपापल्या पाड्यांवर निघून गेली होती, गहू उभा होता, खळ्यावर मिरची पडलेली होती. बाबांनी मला अभ्यासावरून उठवलं. गव्हाला चल म्हणाले. मी परीक्षा आहे म्हटलं, तर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, इतक्या मायेने की मला नाही म्हणवेना.

"परीक्षामा तो लिखी," ते म्हणाले. "टाक तुन्हा हाते बांधी देसू. तू फक्त लेखणी धर."

त्यांचं बोलणं इतकं सरळ होतं की थोडा वेळ मलाही तसंच वाटलं. कशाला अभ्यास? हातावर टाक बांधला की झालं. मी सगळा आठवडा गव्हाच्या पेंढ्या बांधल्या. त्रैराशिक मनातून निसटायला लागलं, आणि मला त्याचं काही वाटेनासं झालं. ते सुख मला ओळखीचं होतं.

धुळवडीच्या दुपारी बाहेर डफ वाजायला लागले होते. बाबांनी मला देव्हाऱ्यापुढे उभं केलं. बंडीचे बंद आता पुरत नव्हते, म्हणून त्यांनी दोरी लावली. काजळ घातलं. टाक फडक्यात गुंडाळून माझ्या उजव्या मनगटाला बांधला, नाचून झालं तरी सोडायचा नाही, परीक्षेपर्यंत असाच राहू द्यायचा म्हणाले. गाठ करकचून बसली होती. माझी बोटं बधिर झाली, आणि मला खरंच वाटलं की हात आता माझा नाही.

माय दारात येऊन उभी राहिली. तिच्या हातात माझी पाटी होती. बाबांना वाटलं ती पाटी पूजेला आणतेय, आणि ते बाजूला सरकले.

"बठा," ती म्हणाली. "आते देखा."

ती खाली बसली, पाटी मांडीवर घेतली आणि लिहायला लागली. एक, दोन, तीन, चार. चारला शेपूट, शेपटीला वळसा. मग लिहिलं: मला येत नाही. बाबांना वाचता येत नव्हतं. पण इतकी वर्षं रोज सकाळी त्यांनी ती अक्षरं पाहिली होती, स्वतःच्या बैलाच्या अंगावरचा डाग ओळखावा तशी ते ती ओळखत होते. मी त्यांचा चेहरा बघत होतो. आधी त्यांना वाटलं की वीर तिच्या अंगात आलाय, आणि त्यांनी हात जोडले. मायने मान हलवली.

"अंगमा कोणी नही," ती म्हणाली. "आजपावत मीच लिखं."

बाहेर कुणीतरी आमच्या वीराच्या नावाने हाक मारत होतं, निघा म्हणून. बाबा उठले नाहीत. मी त्यांच्या रागाची वाट बघत होतो. त्यांचा हात चांगलाच जड होता आणि बाईने लेखणी धरली तर काय होतं हे तेही मानत होते. पण ते रागावले नाहीत. त्यांचं तोंड हळूहळू उतरत गेलं, आणि मला कळलं की आज या खोलीत माझा भाऊ खरा मेला. इतकी वर्षं तो त्यांच्यासाठी मेलाच नव्हता. मायला ते माहीत होतं, आणि तरी माझ्यासाठी तिने ते केलं होतं. मला तिची भीती वाटली आणि मायाही वाटली.

बाबांनी माझं मनगट धरून गाठ सोडली. टाक जागेवर ठेवला. जा, तुझा अभ्यास तू कर, असं माझ्याकडे न बघता म्हणाले. मग ते मायसमोर खाली बसले, पाटीच्या अगदी जवळ.

"त्यान्हं नाव लिखता येस तुले?" त्यांनी विचारलं.

तिने पाटी पदराने पुसली आणि लिहिलं. बाबांनी पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं, आणि हे कसं म्हणायचं ते विचारलं. तिने सांगितलं. मग दुसऱ्यावर.

माझी पाटी आता मला मिळणार नव्हती. चुलीतला एक विझलेला कोळसा उचलून मी ओट्यावर गेलो. गल्लीतून दुसऱ्यांचे वीर नाचत चालले होते. एक-दोघांनी मला बंडीत पाहून हाक मारली, मी गेलो नाही. ओट्याच्या फरशीवर मी मांडलं: पाच गाड्यांत पंचेचाळीस गोण्या, तर आठ गाड्यांत किती? कडेला गाड्या, मध्ये गोण्या. काजळ डोळ्यांत उतरून चुरचुरत होतं. दोनदा चुकलं, तळहाताने पुसलं, परत केलं. बहात्तर आले. आत दोघांचे आवाज येत होते, एक विचारत होता आणि एक सांगत होता; माझं बरोबर आहे का हे विचारायला घरात कोणी मोकळं नव्हतं. म्हणून मी स्वतःच ताळा करून पाहिला, आणि तो जमला.